मोटारीचा क्लच : एक अनुभव व एक विनंती
(ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींस आश्चर्य वाटले असेल. निवृत्त शिक्षकाने संस्कार, व्यसनमुक्ती अथवा विद्यार्थ्यांची कर्तव्ये यांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असते, आणि तीत वावगे काही नाही. तथापि गेल्या काही वर्षांत मला जो सर्वांत मोठा धडा मिळाला तो शाळेत मिळाला नाही, ग्रंथातही मिळाला नाही. तो एका जुन्या मोटारीखाली, तेलकट पोत्यावर उताणे पडलेल्या एका मुलाकडून मिळाला. तो धडा आपल्या ज्ञातीच्या हिताचा आहे अशी माझी खात्री असल्यामुळे तो आपणांपुढे ठेवतो.

सेवानिवृत्तीनंतर मी एक जुनी मारुती आठशे विकत घेतली. ही गाडी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. 1983 सालच्या डिसेंबरात ती प्रथम रस्त्यावर आली आणि 2014 साली तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरांचे 796 घनसेंटिमीटरचे छोटेसे इंजिन, चार गिअर आणि पुढच्या चाकांना मिळणारी ओढ, असा तिचा संसार. मध्यमवर्गीय कुटुंबाला मोटारीचे स्वप्न प्रथम दाखविले ते हिनेच. मी उतारवयात वाहन शिकलो आणि जपून चालवू लागलो. आपण उत्तम चालक आहोत असा माझा समजही झाला होता.

2017 सालच्या वैशाखात चिपळूणचे एक लग्नकार्य आटोपून आम्ही चौघे कराडकडे निघालो. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढू लागलो तो गाडीचे लक्षण बदलले. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा तर इंजिन मोठ्याने ओरडे, परंतु वेग वाढण्याऐवजी कमीच होई. जळक्या दोरखंडासारखा एक उग्र वास आत येऊ लागला. पहिल्या गिअरमध्ये दोन वळणे कशीबशी चढलो आणि थांबलो. ऊन रणरणत होते आणि मागे मालमोटारींची रांग लागली होती. सुदैवाने उतार पाठीशी होता. गाडी वळवून उतारानेच आम्ही चिपळूणला परतलो.

तेथे एका कर्मशाळेत गाडी दाखविली. त्या गृहस्थांनी बॉनेट उघडून, एकदा इंजिन चालू करून निदान सांगितले, “गुरुजी, इंजिन बसले. ओढ राहिली नाही. पिस्टन, रिंगा सगळे बदलावे लागेल. पंचवीस हजार धरून चाला.” मी चाळीस वर्षे मुलांना ‘का’ आणि ‘कसे’ विचारावयास शिकविले, परंतु त्या क्षणी मला एकही प्रश्न विचारता आला नाही. ज्याला वस्तूचे ज्ञान नाही त्याला प्रश्नही सुचत नाही. मी मान डोलावली आणि पैशांची जुळवाजुळव करू लागलो.

माझ्या एका चुलत बंधूंचा मुलगा चिपळुणात एका लहानशा शेडमध्ये मोटारदुरुस्तीचे काम करतो. त्याच्याकडे जावे असे मला आपण होऊन सुचले नाही, हे मी कबूल करतो. आमच्या कुटुंबाने सुचविले, “घरचे माणूस असताना परक्याकडे कशाला?” मी काहीशा अनिच्छेनेच त्याला बोलाविले. अनिच्छेचे कारण पुढे सांगेन.

मुलगा आला. त्याने गाडी सपाट जागेवर घेतली, हातब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि इंजिनाला थोडी गती देऊन क्लचचा पाय हळूहळू सोडला. “काका, क्लच धड असता तर आत्ता इंजिन गचका देऊन बंद पडले असते. ते फिरतेच आहे. याचा अर्थ इंजिन दणकट आहे; त्याची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही, एवढेच.” एवढे बोलून त्याने लगेच इंजिन बंद केले, कारण ही परीक्षा पुन्हापुन्हा केल्यास उरलासुरला क्लचही जळून जातो. पाच मिनिटांत पंचवीस हजारांचे निदान खोटे ठरले.

आता हा क्लच म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपणांपैकी जुन्या मंडळींना गावातली पिठाची गिरणी आठवत असेल. इंजिन एकसारखे फिरत असे, आणि लांबलचक पट्टा त्यावरून जात्याकडे गेलेला असे. दळण थांबवावयाचे असले म्हणजे गिरणीवाला लाकडी दांड्याने तो पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवी. जाते थांबे, इंजिन मात्र चालूच राही. दळण सुरू करावयाचे झाले की पट्टा पुन्हा घट्ट पुलीवर. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी 1886 साली ज्या मोटारीचे पेटंट घेतले, तिच्यातही अशीच पट्टा सरकविण्याची योजना होती. म्हणजे आपल्या गिरणीवाल्याच्या हातातला तो दांडा हा एक प्रकारचा क्लचच होता.

आजच्या गाडीत पट्ट्याच्या जागी चकती आली. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चक्र असते. त्याला लागून क्लच-प्लेट, म्हणजे दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर लावलेली पातळ चकती. आणि तिच्या पाठीमागे प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमधील ताटलीसारखी स्प्रिंग त्या चकतीला फ्लायव्हीलवर सदैव दाबून धरते. चकतीच्या मध्यभागी खाचा असतात आणि त्यांत गिअरबॉक्सचा दांडा बसतो. दाब आहे तोवर इंजिन, चकती आणि दांडा एकजीव होऊन फिरतात. आपण पायाने पेडल दाबले की केबल ओढली जाते, रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर दाब देते, चकतीची पकड सुटते आणि इंजिन चाकांपासून विलग होते. पुष्कळांचा समज उलटा असतो. पाय दाबल्याने क्लच जुळत नाही, सुटतो. जुळविण्याचे काम स्प्रिंगचे आहे, आपल्या पायाचे नव्हे.

हे ध्यानात आले म्हणजे झीज का होते तेही ध्यानात येते. चकती पूर्ण जुळलेली असताना झिजत नाही, पूर्ण सुटलेली असतानाही झिजत नाही. अर्धवट जुळलेली असताना मात्र ती घासते, तापते आणि झिजते. मुलाने मला एकच प्रश्न विचारला, “काका, गाडी चालविताना डावा पाय कुठे असतो?” मी अभिमानाने सांगितले, “क्लचवर. सदैव तयारीत.” तो हसला नाही, वडीलधाऱ्यांचा मान त्याने राखला. परंतु त्याने समजावून सांगितले की पेडलवर नुसते पायाचे ओझे राहिले तरी स्प्रिंगचा दाब थोडा कमी होतो आणि चकती कणाकणाने घसरत राहते. शिवाय चढावर वाहतूक थांबली असता ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याची माझी जी हातोटी होती, तीच चकतीचा काळ ठरली. ज्या गोष्टीचा मला अभिमान होता, तोच माझा दोष निघाला.

गाडी उघडण्यापूर्वी त्याने पेडल हाताने दाबून पाहिले. पेडल दाबताना आरंभी थोडा मोकळा खेळ असावा लागतो. केबल फार ताणलेली असली तर खेळ उरत नाही आणि चांगली चकतीही घसरते; त्या वेळी केवळ केबल सैल केली की काम भागते. तसेच इंजिनाच्या मागील सीलमधून तेल झिरपून चकतीवर गेले असेल तरी ती घसरते, आणि मग सील न बदलता नुसती चकती बदलणे व्यर्थ. “आधी स्वस्त कारणे तपासावीत, मग महाग,” असे तो म्हणाला. तर्कशास्त्राचा याहून सोपा नियम मी कोणत्याही वर्गात शिकविला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले आणि मी स्टुलावर बसून ते सर्व पाहिले. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली. गाडीचे पुढचे अंग जॅकने उचलले, परंतु केवळ जॅकच्या भरवशावर तो खाली शिरला नाही. दोन्ही बाजूंस भक्कम स्टँड दिले आणि गाडी हलवून पाहिली. मग गिअरबॉक्समधील तेल काढले. क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, गिअर बदलण्याच्या दांड्या, स्टार्टर, मागील दिव्याची तार, हे सर्व एकामागून एक सोडविले आणि प्रत्येकाचे बोल्ट वेगळ्या डबीत ठेवले. पुढच्या चाकांना जाणारे दोन्ही दांडे गिअरबॉक्समधून मोकळे केले. इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्याचा आधार दिला, कारण गिअरबॉक्स निघाला की इंजिन एका अंगाला कलते. अखेरीस त्याने आणि त्याच्या साथीदाराने मिळून गिअरबॉक्स सरळ मागे ओढून अलगद उतरविला. त्याचे वजन क्षणभरही आतल्या दांड्यावर लोंबकळू द्यावयाचे नाही, नाहीतर चकतीची मधली खाच वाकते. हे त्याने साथीदाराला दोनदा बजावले.

प्रेशर प्लेटचे बोल्ट त्याने एकदम काढले नाहीत. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे ढिले केले, म्हणजे स्प्रिंगचा ताण सर्व अंगांनी सारखा उतरतो आणि प्लेट वाकडी होत नाही. चकती हातात आली तेव्हा मी थक्क झालो. अस्तर झिजून रिव्हेटांची डोकी उघडी पडली होती. आणखी दोन घाट चढलो असतो तर त्या रिव्हेटांनी फ्लायव्हील खरवडून काढले असते. आतली काळी भुकटी पाहून मी फुंकर मारावयास वाकलो, तो त्याने माझा हात धरला. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरीत, आणि त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन असाध्य रोग होतात. आता अन्य तंतूंची अस्तरे मिळतात. तरी जुन्या गाडीत काय बसविलेले आहे हे उघडल्याशिवाय कोण सांगणार? म्हणून त्याने तोंडाला फडके बांधून ती धूळ ओल्या कापडाने पुसून घेतली. हवेचा फवारा मारला नाही.

फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग होते, परंतु तडा नव्हता आणि नखाला लागेल अशी चरही नव्हती. त्याने तो पृष्ठभाग बारीक पॉलिशपेपरने घासून स्वच्छ केला. चर खोल असती तर लेथवर न्यावे लागले असते. इंजिनाचे सील कोरडे होते. नवी चकती, नवी प्रेशर प्लेट आणि नवे रिलीज बेअरिंग असा संपूर्ण संच त्याने आणला होता. मी विचारले, “बेअरिंग जुनेच चालले नसते का?” तो म्हणाला, “काका, बेअरिंगची किंमत थोडी, पण ते उद्या बिघडले तर एवढी मजुरी पुन्हा पडेल.”

बसविताना चकतीची बाजू चुकता कामा नये. मधल्या स्प्रिंगांचा फुगवटा सामान्यतः प्रेशर प्लेटकडे असतो. तरी त्याने चकतीवर छापलेली खूण वाचूनच ती बसविली. दांड्याच्या खाचांना ग्रीसचा केवळ पुसट हात दिला, कारण जास्त झालेले ग्रीस फेकले जाऊन नव्या अस्तरावर बसते. चकती बरोबर मध्यावर यावी म्हणून एका जुन्या गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात घालून ठेवला आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट पुन्हा आळीपाळीने, मोजपट्टी असलेल्या पान्याने आवळले. चकती मध्यावर नसेल तर गिअरबॉक्स आत जातच नाही. आणि बोल्ट पिळून तो ओढून घेण्याचा उतावीळपणा केला तर नव्या मालाची नासाडी होते. त्याचा गिअरबॉक्स किंचित डोलविताच सरळ आत गेला. ताजे तेल घातले, केबलचा खेळ जुळविला, पुन्हा ती हातब्रेकची परीक्षा केली. या खेपेस इंजिन गचका देऊन बंद पडले. इतक्या आनंदाने मी कोणतेही यंत्र बंद पडलेले पाहिले नव्हते.

सामान, तेल आणि त्याने मोठ्या संकोचाने घेतलेली मजुरी मिळून खर्च पाच हजारांच्या आतच आला. निघताना त्याने बजावले, “पहिले काहीशे किलोमीटर हळूच चालवा, अस्तर बसू द्या. आणि डावा पाय खाली ठेवा.” त्याच दिवशी आम्ही कुंभार्ली घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो.

बंधुभगिनींनो, कथा येथे संपली असती तर ती मी आपणांस सांगितली नसती. आता माझ्या अनिच्छेचे कारण सांगतो.

हा मुलगा दहावीला मध्यम गुणांनी उत्तीर्ण झाला तेव्हा त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेण्याचे ठरविले होते. त्याचे वडील माझा सल्ला घेण्यास आले. मी म्हणालो, “काळे हात करून घेण्यासाठी का मुलगा शिकविला? महाविद्यालयात घाला.” मुलाने माझे ऐकले नाही, म्हणून माझ्या मनात अढी बसली. पुढे आपल्या ज्ञातीच्या वधूवर समितीत मी काम पाहत असता एका मुलीच्या वडिलांनी याच मुलाविषयी मला विचारले. मुलगा निर्व्यसनी, कमावता, आईवडिलांना सांभाळणारा. हे सर्व ठाऊक असूनही मी एवढेच म्हणालो, “मुलगा गॅरेजात असतो. तुमच्या मुलीस नोकरदार स्थळ मिळेल.” ते स्थळ मोडले. मी हे आज प्रथमच जाहीरपणे बोलत आहे. तो मुलगा हे जाणत होता. त्याच्या आईने पुढे आमच्या घरी सांगितले. जाणत असूनही तो त्या वैशाखातल्या उन्हात माझ्या गाडीखाली दिवसभर उताणा पडला.

आपण कोण, हे मी विसरलो होतो. माझे आजोबा भात्यापुढे बसत. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढविताना ती किती लाल करावयाची, किती अंतर मोजून सांधावयाची आणि पाणी केव्हा ओतावयाचे, हे ते डोळ्यांनी ठरवीत. थंड होऊन आवळलेली धाव चाकाच्या आऱ्यांना अशी पकडून धरी की चाक वर्षानुवर्षे खिळखिळे होत नसे. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे वाक्य मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले. आजोबांनी ते कधी लिहिले नाही, पण त्यावर घर चालविले. ऐरणीवरून पान्यापर्यंत आलेला हा मुलगा त्यांचा खरा वारस, आणि मी त्याला कमी लेखीत होतो.

1888 साली बेंझ यांच्या पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेल्या. सुमारे शंभर किलोमीटरांचा तो प्रवास मोटारीच्या इतिहासातील पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेत साखळी बिघडली तेव्हा एका गावच्या लोहाराने ती दुरुस्त केली. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा एका चांभाराने त्यांवर चामडे ठोकून दिले. झिजणाऱ्या भागाला अस्तर लावावे ही युक्ती तेथूनच पुढे आली असे सांगतात. बेंझ यांचे नाव जगाला ठाऊक आहे. त्या लोहाराला आणि त्या चांभाराला कोण ओळखतो? परंतु ते नसते तर ती मोटार रस्त्यातच राहिली असती.

आज वाहने झपाट्याने बदलत आहेत. विजेच्या मोटारींत बहुधा क्लच नसतोच. 2014 सालापासून आपल्याकडे ज्या स्वयंचलित गिअरच्या लहान मोटारी लोकप्रिय झाल्या, त्यांत पेडल नाही, पण चकती आहे आणि ती झिजतेच. म्हणून कारागिरानेही शिकत राहिले पाहिजे, आणि समाजाने त्याला शिकण्यास बळ दिले पाहिजे.

यास्तव माझी संस्थेस तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. त्याच व्यासपीठावर, त्याच मानाने, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींचाही सत्कार व्हावा. दुसरी, शिष्यवृत्ती निधीतून होतकरू कारागिरांना हत्यारांचा संच घेण्यास बिनव्याजी साहाय्य मिळावे. पुस्तकांइतकेच हत्यार हेही विद्येचे साधन आहे. तिसरी, वधूवर सूचीत ‘खाजगी काम’ असे मोघम न लिहिता ‘मोटार मेकॅनिक’, ‘फिटर’, ‘वेल्डर’ असे अभिमानाने आणि स्पष्ट लिहावे, आणि समितीवरील कोणीही, मी केले तसे, आपल्या मताचे ओझे त्यावर टाकू नये. पहिल्या दोन गोष्टींसाठी माझ्या निवृत्तिवेतनातून शक्य तेवढी रक्कम मी आजच कोषाध्यक्षांकडे देत आहे. तिसरीला पैसा लागत नाही.

तो मुलगा आज या सभेत बसला आहे. त्याला उभे करून मी संकोचात टाकणार नाही. घरी त्याची क्षमा मागितली तेव्हा तो एवढेच म्हणाला, “काका, ते राहू द्या. गाडी नीट ओढते ना?”

ओढते, बाळ. डावा पायही आता जागेवर असतो.